गेमिंग कन्सोलवर लिनक्स आणि इतर सिस्टिम: नागपुरातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुन्या प्लेस्टेशनवर (पीएस) किंवा निन्टेंडोच्या स्विचवर लिनक्स, म्हणजे मोफत आणि खुली ऑपरेटिंग सिस्टिम, चालवायचं मनात आलं की बहुतेकांना तेच ते प्रश्न पडतात. धरमपेठेपासून मानेवाड्यापर्यंतच्या पोरांनी, काही पालकांनी आणि दुरुस्तीचं काम करणाऱ्यांनीही विचारलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत, शक्यतो त्यांच्याच शब्दांत. एका उत्तरात आलेली गोष्ट दुसऱ्यात पुन्हा सांगितलेली नाही, तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

माझी भूमिका आधीच सांगतो. पैसे मोजून घेतलेलं यंत्र मालकाचं असतं आणि त्यात काय चालवायचं हे मालकाने ठरवावं. मात्र मॉडेल आणि फर्मवेअर (यंत्रातलं कंपनीचं मूळ सॉफ्टवेअर) पाहिल्याशिवाय त्याला हात लावू नये.

१. कन्सोलवर दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम टाकायची म्हणजे करायचं काय?

कन्सोल हा कॉम्प्युटरच आहे. प्रोसेसर, रॅम, स्टोरेज सगळं आत असतं, फक्त त्याला कुलूप असतं. बटण दाबलं की चिपमध्येच कोरलेला पहिला छोटा प्रोग्रॅम, म्हणजे बूट रॉम, जागा होतो. तो पुढच्या प्रोग्रॅमची डिजिटल सही तपासतो, तो त्याच्या पुढच्याची, आणि अशी साखळी गेमच्या मेनूपर्यंत जाते. सही कंपनीची नसेल तर यंत्र तिथेच थांबतं.

लिनक्सवर कंपनीची सही नसते. म्हणून साखळीतल्या एखाद्या कडीत राहून गेलेली चूक शोधून तिथून आपला प्रोग्रॅम आत न्यावा लागतो. राहून गेलेल्या चुकीचा असा फायदा घेणाऱ्या कोडला एक्सप्लॉइट म्हणतात. फक्त सॉफ्टवेअरने काम झालं तर सॉफ्टमॉड, बोर्डावर काही सोल्डर करावं लागलं तर मॉडचिप. आपल्याकडे दुकानात दोन्हीला सरसकट जेलब्रेक म्हणतात.

२. एवढं करण्यापेक्षा जुना लॅपटॉप घेतलेला काय वाईट?

रोजच्या कामासाठी हवं असेल तर लॅपटॉपच घ्या. ब्राउझर, ऑफिसची कामं, ऑनलाइन क्लास यांसाठी जुना साधा लॅपटॉप कोणत्याही जुन्या कन्सोलपेक्षा सोयीचा पडतो. पीएस३ मध्ये मुख्य रॅम अवघी २५६ एमबी आहे, निन्टेंडोच्या वीमध्ये ८८ एमबी. आजची एखादी वेबसाइट उघडायलाही ती पुरत नाही.

कन्सोलवर लिनक्स चालवण्याचं खरं मोल शिकण्यात आहे. यंत्र शून्यापासून कसं उठतं, बूटलोडर (सिस्टिम सुरू करून देणारा प्रोग्रॅम) कर्नलला, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याला, रॅममध्ये कुठे ठेवतो, ड्रायव्हर नसताना स्क्रीनवर पहिली ओळ कशी उमटते, हे इतक्या जवळून दुसरीकडे क्वचित पाहायला मिळतं. शिवाय एरवी भंगारात गेलेलं यंत्र आणखी काही वर्षं कामात राहतं.

३. घरी दोन-तीन जुने कन्सोल पडून आहेत. सुरुवात कोणत्यापासून करू?

जुना, म्हणजे पहिल्या खेपेचा स्विच असेल तर त्यापासून (प्र. ८). मूळ सिस्टिमला धक्का न लावता लिनक्स एसडी कार्डावर राहतं आणि ४ जीबी रॅम असल्याने ते वापरण्याजोगं चालतं. तो नसेल तर वी (प्र. ९): यंत्र स्वस्त, प्रक्रिया जुनी आणि चांगली पारखलेली. जुन्या फर्मवेअरचा पीएस४ असेल तर सगळ्यात जास्त ताकद त्यात आहे, पण कटकटही त्यातच जास्त (प्र. ६).

घरात एकच कन्सोल असेल आणि मुलं त्यावर रोज खेळत असतील तर त्याला हात लावू नका. प्रयोगासाठी वेगळं, जुनं यंत्र घ्या.

४. पीएस३ वर म्हणे कंपनीच लिनक्स टाकू द्यायची. मग माझ्या पीएस३ मध्ये तो पर्याय का दिसत नाही?

खरं आहे, द्यायची. नोव्हेंबर २००६ मध्ये पीएस३ आला तेव्हा सेटिंग्जमध्ये ‘इन्स्टॉल अदर ओएस’ असा पर्यायच होता. हार्ड डिस्कचा एक भाग लिनक्ससाठी वेगळा काढायचा, यलो डॉगसारखं डिस्ट्रो (लिनक्सची तयार आवृत्ती) टाकायचं आणि हवं तेव्हा गेम, हवं तेव्हा लिनक्स. कुलूप तोडायची गरजच नव्हती. ग्राफिक्स चिप मात्र हायपरव्हायझरने (सिस्टिमच्याही खाली राहून हार्डवेअरवर ताबा ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरने) झाकून ठेवली होती, त्यामुळे लिनक्समध्ये थ्रीडीची ताकद मिळत नसे.

लोकांनी या सोयीचा मोठा वापर केला. मॅसॅच्युसेट्स डार्टमथ विद्यापीठात गौरव खन्ना या भौतिकशास्त्रज्ञाने २००७ मध्ये ८ पीएस३ एकमेकांना जोडून कृष्णविवरांची गणितं सोडवायला घेतली. २०१० मध्ये अमेरिकन हवाई दलाच्या संशोधन प्रयोगशाळेने १,७६० पीएस३ जोडून काँडोर नावाचा महासंगणक उभा केला. गेम खेळायचं यंत्र प्रयोगशाळेत पोचलं ते या एका पर्यायामुळे.

सप्टेंबर २००९ मध्ये आलेल्या पीएस३ स्लिममध्ये तो पर्याय नव्हता. मग १ एप्रिल २०१० ला आलेल्या ३.२१ फर्मवेअरने जुन्या जाड मॉडेलमधूनही तो काढला. अपडेट न करणाऱ्याला ऑनलाइन खेळता येईना आणि करणाऱ्याचं लिनक्स जाई. विकत घेतेवेळी असलेली सोय विकल्यानंतर काढून घेतली गेली. अमेरिकेतल्या ग्राहकांनी त्यावर सामूहिक दावा केला आणि तो बरीच वर्षं चालून शेवटी तडजोडीत ग्राहकांना भरपाई मिळाली. विकत घेतलेल्या यंत्रावर मालकाचा हक्क किती, असं कोणी विचारलं की मी हेच उदाहरण देतो.

तुमच्या यंत्रात पर्याय दिसत नाही, कारण ते एकतर स्लिम आहे किंवा २०१० नंतर कधीतरी अपडेट झालेलं आहे.

५. मग आज पीएस३ वर लिनक्स टाकताच येत नाही का?

काही मॉडेलवर येतं. डिसेंबर २०१० मध्ये फेलओव्हरफ्लो या गटाने बर्लिनच्या केऑस कम्युनिकेशन काँग्रेसमध्ये दाखवलं की पीएस३ च्या डिजिटल सहीत दर वेळी नवा वापरायचा यादृच्छिक अंक प्रत्यक्षात तोच तो वापरला गेला होता. अंक तोच असला की दोन सह्यांवरून साध्या बीजगणिताने गुप्त किल्ली काढता येते. इतक्या पैशाच्या यंत्राचं कुलूप एका सूत्रातल्या हलगर्जीपणामुळे उघडलं.

व्यवहारात असं समजा. सगळे जाड पीएस३ आणि स्लिमपैकी २०००, २१०० आणि बरेचसे २५०० मालिकेचे यांवर पूर्ण कस्टम (बदललेलं, अनधिकृत) फर्मवेअर बसतं. त्यावर अदर ओएस पुन्हा जागं करता येतं आणि पेटिटबूट नावाचा बूटलोडर लिनक्स उचलतो. ३००० मालिकेचे स्लिम आणि ४००० मालिकेचे सुपर स्लिम यांवर नुसत्या सॉफ्टवेअरने फक्त ‘हेन’ नावाचं मर्यादित जेलब्रेक चालतं. हेनला हायपरव्हायझरपर्यंत पोच नसते, म्हणून त्यावर लिनक्स नाही. ‘माझा पण जेलब्रेक आहे, मग लिनक्स का चढत नाही’ हा प्रश्न बहुतेक वेळा सुपर स्लिमवाल्यांचा असतो.

डिस्ट्रो निवडताना आणखी एक अडचण येते. पीएस३ चा प्रोसेसर पीसीपेक्षा वेगळ्या घराण्यातला, बिग-एंडियन (आकड्याचा मोठा भाग आधी ठेवणारा) पॉवरपीसी आहे आणि त्याला सांभाळणारी डिस्ट्रो आता थोडीच उरली आहेत. जेंटू किंवा डेबियनचा अनधिकृत पोर्ट इथून सुरुवात करा आणि डेस्कटॉपऐवजी टर्मिनलची सवय लावून घ्या.

६. पीएस४ तर साधा पीसीच आहे ना? उबुंटूची पेनड्राइव्ह लावली की झालं?

नाही होत. प्रोसेसर ८ कोअरचा एएमडी जॅग्वार, रॅम ८ जीबी, आर्किटेक्चर एक्स८६, इथपर्यंत तो पीसीसारखाच. पण पीसीत असलेला बायॉस (सुरुवातीला हार्डवेअर जागं करणारा प्रोग्रॅम) त्यात नाही, टायमर आणि इंटरप्टची मांडणी वेगळी आहे, आणि साउथब्रिज (यूएसबी, डिस्क, नेटवर्क सांभाळणारी चिप) वेगळाच आहे. एओलिया, बेलिझ आणि बायकाल अशा त्याच्या तीन पिढ्या आहेत आणि प्रत्येकीला जुळणारा कर्नल लागतो. फेलओव्हरफ्लोने २०१५ च्या डिसेंबरमध्ये पीएस४ वर लिनक्स दाखवलं तेव्हा सगळ्यात जास्त काम या फरकांवरच करावं लागलं होतं.

पद्धत थोडक्यात अशी. पीएस४ ची स्वतःची सिस्टिम फ्रीबीएसडीवर आधारलेली आहे. तिच्या कर्नलमधल्या चुकीतून आत जाऊन एक पेलोड (आत चालवायचा छोटा प्रोग्रॅम) पाठवायचा. तो पेलोड लिनक्सचा कर्नल रॅममध्ये ठेवतो आणि चालू सिस्टिम बाजूला सारून त्याला ताबा देतो. बाकीचं लिनक्स यूएसबी हार्ड डिस्कवर किंवा एसएसडीवर राहतं. वीज बंद करून पुन्हा चालू केलं की पीएस४ आपल्या मूळ मेनूवर परत येतो. म्हणजे दर वेळी हेच पुन्हा करायचं, पण आतलं काही कायमचं बदलत नाही, हा त्याचा मोठा फायदा.

कोणतं फर्मवेअर चालतं? ५.०५, ६.७२, ७.५५ आणि ९.०० ही जुनी ओळखीची नावं. २०२४ मध्ये पीपीपीवन आलं आणि मर्यादा ११.०० पर्यंत गेली. त्यासाठी लॅनच्या वायरीने लॅपटॉप किंवा रास्पबेरी पाय जोडावा लागतो, कारण चूक पीपीपीओई हा नेटवर्क प्रोटोकॉल हाताळणाऱ्या कोडमध्ये आहे. ही चूक २००६ सालीच नोंदवली गेली होती आणि तरी पीएस४ मध्ये तशीच राहिली.

टीव्हीवर चित्रच आलं नाही तर प्र. २० पाहा.

७. फर्मवेअर आणि मॉडेल कुठे पाहायचं? चुकून अपडेट होऊ नये म्हणून काय करू?

मॉडेल नंबर यंत्राच्या मागे किंवा खाली स्टिकरवर असतो. सोनीच्या यंत्रांत ‘सीईसीएच’ने सुरू होणारा नंबर पीएस३ चा आणि ‘सीयूएच’ने सुरू होणारा पीएस४ चा. फर्मवेअर सेटिंग्जमधल्या सिस्टिम इन्फॉर्मेशनमध्ये दिसतं.

पीएस४ मध्ये ऑटोमॅटिक डाउनलोड बंद करा आणि वायफायचा पासवर्ड काढून टाका. डिस्क टाकतानाही जपा, कारण काही गेमच्या डिस्कमध्येच अपडेट असतं आणि यंत्र ते मागतं. वर चढलेलं फर्मवेअर साध्या मार्गाने खाली आणता येत नाही, म्हणून या उत्तरातली खबरदारी सगळ्यात आधी घ्यायची.

८. स्विचवर उबुंटू किंवा अँड्रॉइड चालतं म्हणतात. माझ्यावर चालेल का?

मार्च २०१७ ते २०१८ च्या मध्यापर्यंत बनलेला असेल तर बहुधा हो. त्यातल्या एनव्हिडियाच्या टेग्रा एक्स१ चिपच्या बूट रॉममध्येच एक चूक आहे. यूएसबीवरून आलेली विनंती किती लांब आहे हे तो नीट तपासत नाही. एप्रिल २०१८ मध्ये ती फ्युझी जले या नावाने जाहीर झाली. बूट रॉम कारखान्यात कोरला जातो, त्यामुळे विकल्या गेलेल्या यंत्रांत ती चूक अपडेटने दुरुस्त करता येत नाही. नंतरच्या यंत्रांत कारखान्यातच बंदोबस्त केला. सिरियल नंबरवरून तुमचं यंत्र कोणत्या गटातलं ते ठरतं. सुधारित बॅटरीचा स्विच, स्विच लाइट आणि स्विच ओएलईडी या सगळ्यांना मॉडचिप लागते, आणि तिचं सोल्डरिंग नवशिक्याचं काम नाही.

जुन्या यंत्रावर प्रत्यक्ष काय करायचं ते सांगतो. स्विच पूर्ण बंद करा, झोपवून ठेवलेला चालत नाही. उजवा जॉयकॉन काढा. त्या खाचेच्या तळाशी बारीक पिना ओळीने दिसतील. ‘जिग’ नावाचा प्लॅस्टिकचा छोटा तुकडा खाचेत वरून खाली सरकवायचा, तो १० क्रमांकाची पिन ग्राउंडला जोडतो. आता आवाज वाढवायचं बटण दाबून धरून पॉवर दाबा. स्क्रीन काळीच राहिली तर काम झालं. निन्टेंडोचं चिन्ह आलं तर जिग नीट बसला नाही, पुन्हा बंद करून पहिल्यापासून करा. जिगऐवजी तार किंवा टाचणी खुपसू नका, शेजारच्या पिना वाकल्या की जॉयकॉन ओळखला जात नाही.

काळ्या स्क्रीनवर असताना यूएसबी-सी वायरीने कॉम्प्युटर किंवा अँड्रॉइड फोन जोडून हेकाटे नावाचा पेलोड पाठवायचा. त्याचा मेनू उघडला की सगळ्यात आधी आतल्या ३२ जीबी स्टोरेजची पूर्ण प्रत काढा आणि ती कॉम्प्युटरवर ठेवा. मग एसडी कार्डाचे भाग पाडा आणि स्विचरूट गटाचं उबुंटू किंवा लाइनेजओएस अँड्रॉइड त्यावर टाका. कार्ड नावाजलेल्या कंपनीचं घ्या. या कामात येणाऱ्या निम्म्या तक्रारी नकली कार्डांमुळे असतात असं माझं ठाम मत आहे.

९. वी कपाटात पडून आहे. त्याचं काही होईल का?

होईल, आणि आनंदाने होईल. ४.३ या शेवटच्या फर्मवेअरवर लेटरबाँब नावाच्या पद्धतीने होमब्रू चॅनल (हौशी लोकांनी लिहिलेले प्रोग्रॅम चालवणारा मेनू) बसतं, आणि तिथून लिनक्स किंवा नेटबीएसडी उचलता येतं. वीचा प्रोसेसर ७२९ मेगाहर्ट्झचा पॉवरपीसी, जुन्या आयमॅक जी३ मध्ये होता त्याच घराण्यातला. म्हणूनच ब्रायन केलर या प्रोग्रॅमरने त्यावर चक्क मॅक ओएस टेनची पहिली आवृत्ती चालवून दाखवली. त्यासाठी बूटलोडर आणि ड्रायव्हर त्याने स्वतः लिहिले.

बूटमी हा प्रोग्रॅम आधी बसवून नँडची, म्हणजे आतल्या स्टोरेज चिपची, प्रत जरूर काढा.

१०. पहिला एक्सबॉक्स किंवा ३६० असेल तर?

पहिला एक्सबॉक्स, २००१ चा, आपल्याकडे कमीच दिसतो. मिळाला तर ७३३ मेगाहर्ट्झचा इंटेल प्रोसेसर आणि ६४ एमबी रॅम, म्हणजे त्या काळचा पीसीच. काही गेमच्या सेव्ह फाइलमधल्या चुकीतून तो उघडतो. आज घरोघरी टीव्ही बॉक्सवर चालणारं कोडी हे सॉफ्टवेअर मुळात याच यंत्रासाठी, एक्सबीएमसी नावाने, तयार झालं होतं. यंत्र हाती आलं की आधी उघडून घड्याळाचा कपॅसिटर पाहा. जुन्या बोर्डांवर तो गळतो आणि आजूबाजूच्या तांब्याच्या रेषा खाऊन टाकतो. १.६ सोडून बाकी आवृत्त्यांत तो काढून टाकला तरी चालतं.

३६० वर २०११ पासून रिसेट ग्लिच हॅक आहे. प्रोसेसरच्या रिसेट रेषेवर अगदी क्षणभराचा झटका देऊन सहीची तपासणी चुकवायची. त्याला सोल्डरिंग लागतं. २०२५ मध्ये बॅड अपडेट नावाची फक्त यूएसबीवर चालणारी पद्धतही आली. पण ३६० वरचं लिनक्स जुनं आणि अर्धवट आहे, शिकण्यापुरतंच धरा.

११. आणि एक्सबॉक्स वन, सिरीज एस?

लिनक्स नाही. मात्र मायक्रोसॉफ्टचा अधिकृत डेव्हलपर मोड आहे. त्यात स्वतः लिहिलेली अ‍ॅप्स, जुन्या कन्सोलचे गेम चालवणारं रेट्रोआर्क वगैरे चालवता येतात आणि यंत्र पुन्हा सुरू करून नेहमीच्या मोडवर परत येता येतं. कुलूप न तोडता हात चालवायचा असेल तर हा चांगला रस्ता आहे.

१२. पीएस२ वर लिनक्स होतं का?

होतं, आणि तेही सोनीचं. २००२ मध्ये अमेरिका आणि युरोपात ४० जीबीची हार्ड डिस्क, नेटवर्क अडॅप्टर, कीबोर्ड, माउस असं पूर्ण किट विकायला होतं. आता ते संग्राहकांकडेच सापडतं आणि ते फक्त जाड मॉडेलवर चालतं. ३२ एमबी रॅममध्ये फार काही होत नाही. पीएस२ वर प्रयोग करायचे असतील तर मेमरी कार्डावरचं फ्री मॅकबूट आणि छोटे होमब्रू प्रोग्रॅम जास्त मजा देतात. शेवटच्या स्लिम मॉडेलांवर मात्र फ्री मॅकबूट चालत नाही.

१३. विंडोज टाकता येते का?

वापरण्याजोगी, नाही. पीएस४ चा प्रोसेसर विंडोजला ओळखीचा असला तरी प्र. ६ मधली सगळी कारणं आड येतात, आणि विंडोजचा कर्नल आपल्याला बदलता येत नाही. वी आणि गेमक्यूबवर जुनी विंडोज एनटी चालवणारा एक पोर्ट आहे, तोही अभ्यासाचा विषय. गेमिंगच्या यंत्रावर विंडोज हवीच असेल तर स्टीम डेक घ्या. ते कुलूपबंद नाही आणि त्याचे विंडोज ड्रायव्हर खुद्द व्हॉल्व्ह देते.

१४. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट म्हणून हे चालेल का, सर?

विषय नीट मांडला तर उत्तम चालेल. ‘पीएस३ वर लिनक्स टाकलं’ एवढ्यावर गाइड समाधानी होणार नाहीत, आणि होऊही नये.

पीएस३ चा सेल प्रोसेसर घ्या. त्यात एक मुख्य कोअर आणि लिनक्सला वापरता येणारे ६ एसपीई, म्हणजे गणितासाठीचे छोटे कोअर. प्रत्येक एसपीईकडे स्वतःची फक्त २५६ केबी मेमरी असते. मुख्य रॅममधला डेटा आपोआप येत नाही, तो आपणच डीएमएने (मेमरीतून थेट डेटा हलवण्याच्या सोयीने) आणायचा, त्यावर काम करायचं आणि परत पाठवायचा. मॅट्रिक्सचा गुणाकार घ्या, आधी मुख्य कोअरवर, मग एका एसपीईवर, मग सहांवर, आणि वेळ मोजा. पहिल्या प्रयत्नात सहा एसपीई बहुधा अपेक्षेपेक्षा हळू निघतील, कारण ते डेटाची वाट पाहत बसतात. मग दोन बफर ठेवा, एकावर गणित चालू असताना दुसऱ्यात डेटा येऊ द्या, आणि पुन्हा मोजा. कॅशे तुमच्यासाठी गुपचूप किती काम करत असतो हे ज्याने हे एकदा केलं त्याला कळतं. ग्राफिक्स कार्डावरचं प्रोग्रॅमिंग नंतर त्याला जड जात नाही.

हार्डवेअर नको असेल तर स्विच किंवा पीएस४ ची बूट साखळी पायरी-पायरीने लिहून काढणं हाही चांगला विषय आहे.

१५. मराठी टाइप होते का?

होते. देवनागरीचे नोटो किंवा लोहित फाँट टाका आणि कीबोर्ड सेटिंग्जमध्ये मराठी इन्स्क्रिप्ट किंवा फोनेटिक लेआउट निवडा. स्विच आणि पीएस४ वर काही अडत नाही. पीएस३ आणि वीवर नुसत्या टर्मिनलमध्ये जोडाक्षरं फुटून दिसतात, तिथे हलका डेस्कटॉप लागतो.

१६. हे बेकायदेशीर तर नाही ना? घरचे विचारतात.

कायदा काय म्हणतो ते सांगतो. पैशाचा व्यवहार असेल तर वकिलाला विचारा. कॉपीराइट कायदा १९५७ मध्ये २०१२ च्या दुरुस्तीने कलम ६५ए आलं. कॉपीराइटचा भंग करण्याच्या हेतूने तांत्रिक कुलूप तोडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो. यात ‘हेतू’ हा शब्द महत्त्वाचा. कायद्याने स्पष्टपणे मनाई न केलेल्या कामासाठी कुलूप उघडलं तर त्याच कलमाचं दुसरं उपकलम सूट देतं. याशिवाय कलम ५२ मध्ये कायदेशीररीत्या मिळवलेला प्रोग्रॅम अभ्यासणं, दुसऱ्या प्रोग्रॅमशी जुळवून घेण्यासाठी लागणारी माहिती काढणं, आणि खासगी, बिगर-व्यावसायिक वापरासाठी प्रत करणं यांना मोकळीक आहे.

स्वतःच्या यंत्रावर शिकण्यासाठी लिनक्स चालवणं आणि चोरीचे गेम खेळण्यासाठी तेच कुलूप उघडणं, यांत कायद्याच्या दृष्टीने मोठा फरक आहे. दुरुस्तीवाल्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी: दुसऱ्याला कुलूप उघडायला मदत केली तर त्या माणसाचं नाव, पत्ता आणि उद्देश यांची पूर्ण नोंद ठेवणं याच कलमाने सांगितलं आहे.

१७. दुकानात म्हणतात जेलब्रेक करून ढीगभर गेम टाकून देतो. ते आणि हे एकच का?

दार तेच, पण आत शिरून करायचं काम वेगळं. दुकानातल्या त्या फुकट गेमच्या मी विरोधात आहे, आणि फक्त कायद्यामुळे नाही. गेम बनवणाऱ्यांच्या कित्येक वर्षांच्या मेहनतीचे पैसे त्यांना मिळायला हवेत. शिवाय कोणी कुठून उतरवलेल्या फाइल आणि कोणतं फर्मवेअर टाकून दिलं हे ग्राहकाला कळत नाही, आणि यंत्र अडकलं की ते सोडवण्यासाठी नँडची प्रतही त्याच्याकडे नसते. लिनक्ससाठी यंत्र उघडायचं असेल तर स्वतः वाचून, स्वतः करा.

१८. नागपूरच्या उन्हाळ्यात कन्सोल तापून बंद पडतो. लिनक्स चालवलं तर जळेल का?

हा प्रश्न मार्च सरला की सुरू होतो. पीएस४ च्या मॅन्युअलमध्ये वापराचं तापमान ५ ते ३५ अंश दिलं आहे. आपल्याकडे मे महिन्यात बाहेर पारा ४५ च्या वर जातो आणि वरच्या मजल्यावरची खोली रात्रीही ३५ च्या खाली येत नाही. अशा खोलीत सगळे कोअर कामाला लावून कर्नल कंपाइल करायला बसलं तर यंत्र बंद पडणारच. जड काम पहाटे करा किंवा दुसऱ्या कॉम्प्युटरवर कंपाइल करून तयार कर्नल आणा.

उन्हापेक्षाही मोठा शत्रू म्हणजे कूलर. हवा थंड लागते म्हणून लोक कन्सोल नेमका कूलरच्या झोतात ठेवतात. मनीषनगरातल्या एका घरातून आलेला पीएस४ उघडला तेव्हा पंख्याच्या पात्यांवर पांढरट खरखरीत थर होता. बोअरच्या जड पाण्याचे क्षार कूलरच्या तुषारांबरोबर उडून तिथे बसले होते. हीट सिंकच्या फटींत तीच पूड धुळीत मिसळून चिखलासारखी वाळली होती, आणि एचडीएमआय पोर्टच्या कडेला हिरवट गंज चढला होता. ब्रश आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने साफ करून, थर्मल पेस्ट बदलून यंत्र वाचलं. कन्सोल कूलरच्या झोतापासून बाजूला, भिंतीपासून वीतभर पुढे ठेवा, आणि दर पावसाळ्याच्या आधी उघडून साफ करा.

१९. मधेच लाइट गेली तर कन्सोल कायमचा जाईल का?

तुम्ही त्या क्षणी काय करत होता यावर आहे. पीएस४ चा पेलोड किंवा स्विचच्या एसडी कार्डावरचं लिनक्स चालू असताना लाइट गेली तर फार तर लिनक्सची फाइल सिस्टिम बिघडेल, यंत्र शाबूत राहील. पण पीएस३ च्या फ्लॅशमध्ये कस्टम फर्मवेअर लिहिताना, वीच्या नँडवर लिहिताना किंवा ३६० ची नँड फ्लॅश करताना लाइट गेली तर यंत्र ब्रिक, म्हणजे विटेसारखं निर्जीव, होऊ शकतं. मग हार्डवेअर प्रोग्रॅमर लावून जुनी प्रत परत लिहावी लागते, आणि प्रत नसेल तर पंचाईत.

घरच्या इन्व्हर्टरवर विसंबत असाल तर मागचं बटण पाहा. बऱ्याच इन्व्हर्टरला साधा आणि यूपीएस असे दोन मोड असतात. साध्या मोडमध्ये बदल होताना क्षणभर खंड पडतो आणि तेवढ्यात कन्सोल बंद होतो. फ्लॅश करण्याआधी यूपीएस मोड लावा. वादळी पावसाच्या संध्याकाळी हे काम काढूच नका.

२०. पीएस४ वर लिनक्स सुरू झालं असं वाटतं, पण टीव्हीवर काहीच येत नाही.

पीएस४ मध्ये ग्राफिक्स चिप आणि एचडीएमआय पोर्ट यांच्यामध्ये एक वेगळी रूपांतर करणारी चिप आहे, आणि लिनक्समधला तिचा ड्रायव्हर उलटं अभियांत्रिकी करून लिहिलेला आहे. काही टीव्ही आणि मॉनिटरशी त्याचं जमत नाही. आधी १०८०पी चालणारा दुसरा स्क्रीन लावून पाहा. एचडीएमआय स्प्लिटर किंवा व्हीजीए कन्व्हर्टर मध्ये असेल तर काढा. तरी नाही आलं तर कर्नल तुमच्या साउथब्रिजचाच आहे ना हे तपासा. यूएसबी कीबोर्डचा कॅप्स लॉकचा दिवा दाबल्यावर लागत-विझत असेल तर कर्नल जिवंत आहे आणि अडचण फक्त चित्राची आहे. दिवा हललाच नाही तर तो त्याआधीच अडकलाय.

२१. स्विचवर लिनक्स टाकलं की निन्टेंडो बॅन करेल का?

नुसतं एसडी कार्डावरून लिनक्स चालवल्याने निन्टेंडोच्या सर्व्हरपर्यंत काही जात नाही, कारण त्या वेळी मूळ सिस्टिम चालूच नसते. धोका येतो तो मूळ सिस्टिममध्ये कस्टम फर्मवेअर लावून ऑनलाइन गेल्यावर, आणि विशेषतः चोरीचे गेम असतील तर. एकदा बॅन झालेलं यंत्र विकत घेणाऱ्यालाही ऑनलाइन वापरता येत नाही.

२२. वापरलेला कन्सोल बर्डीवर भेटते का? घेताना काय पाहू?

बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, आणि ऑनलाइन जाहिरातींत, दोन्हीकडे मिळतो. कुठूनही घ्या, चालू करून दाखवल्याशिवाय पैसे देऊ नका. प्र. ७ प्रमाणे फर्मवेअर स्वतः वाचा, विक्रेत्याच्या शब्दावर जाऊ नका. लिनक्ससाठी घेत असाल तर अपडेट न झालेला, धूळ खात पडलेला पीएस४ हा ‘लेटेस्ट अपडेट केलेला आहे’ असं कौतुकाने सांगितलेल्या पीएस४ पेक्षा कितीतरी कामाचा. वॉरंटीचं सील फुटलेलं असेल तर आत कोणी काय केलं ते विचारा. स्विचचा सिरियल नंबर बॉक्सवरचा आणि यंत्रावरचा जुळतो का पाहा. जाड पीएस३ निदान अर्धा तास चालू ठेवून बघा. पिवळा दिवा लागून बंद पडण्याचा आजार त्याला असेल तर गरम झाल्यावरच कळतो.

२३. सगळं केलं आणि आता परत पहिल्यासारखं हवं आहे.

पीएस४: बंद करून चालू करा, झालं. स्विच: एसडी कार्ड काढा, आतलं काही बदललं असेल तर प्र. ८ मधली प्रत परत लिहा. पीएस३: कस्टम फर्मवेअरवरून अधिकृत फर्मवेअर टाकता येतं, पण आधी अदर ओएससाठी फ्लॅशमध्ये केलेले बदल काढा, नाहीतर यंत्र उठणार नाही. वी: होमब्रू चॅनल काढून टाकता येतं, पण नँडची प्रत हाताशी असल्याशिवाय सिस्टिमच्या फाइलना हात लावू नका.